बरणीतली साय

२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

पाकीट फेकू नकोस. अक्षर नीट बघ. तुझ्या आईचं नाही, माझं आहे, आणि माझ्याशी तुझं भांडण झाल्याचं मला तरी आठवत नाही. मी समोरच्या दारातली मावशी, दरवर्षी तुझ्या शाळेच्या स्कर्टची कड उसवून लांब करून देणारी. फोन तू उचलत नाहीस. हा पत्ता तूच मला दिला होतास, बाबा गेले त्या आठवड्यात, जिन्यात उभ्या उभ्या, आणि म्हणाली होतीस, "तुझ्याजवळच ठेव मावशी, आईला देऊ नकोस." ठेवलाय. चार वर्षं नुसता ठेवलाय. आता एकदा वापरते, तेवढं चालवून घे.

काम आहे म्हणून लिहितेय, खुशाली विचारायला नाही. खुशाली तू सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

झालं असं की माझ्या हातून तुमच्या मागच्या खोलीतल्या व्हिनेगरच्या बरण्या धुतल्या गेल्या. सगळ्या. तुझी आई बाहेर गेली होती, मला वाटलं, तेवढीच मदत. फडकी सोडली तर प्रत्येक बरणीत वर ती जाड, बुळबुळीत साय. मला वाटलं, बुरशी आली. दिली ओतून, आणि वर कढत पाणी न् साबण घालून ब्रशनं घासल्या. अशा चकचकीत केल्या की बघत राहावं. आता तू म्हणशील, मावशी, ती साय तर तू पंचवीस वर्षं बघतेयस. बघतेय गं. पण कधी कधी माणसाची अक्कल चरायला जाते, तशी गेली.

तर आता घरात साय नाही. आणि तिचा तुकडा टाकल्याशिवाय सफरचंदाच्या नव्या रसाचं व्हिनेगर लागत नाही, हे तुला मी सांगायला नको. बाटल्यांमध्ये भरलेलं आहे, पण तुझी आई भरायच्या आधी ते गरम करते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी बाटलीत साय धरून बोंब व्हायला नको. त्यामुळे त्यात जिवंत काही उरलेलं नाही. विकत मिळते म्हणतात साय. पण ही बाबांनी तू झालीस त्या वर्षी धरलेली. ही चव दुसऱ्या सायीला येत नाही असं तुझी आई म्हणते, आणि या एका बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

तू नोकरीसाठी गेलीस तेव्हा बाबांनी लहान बरणीत तिचा एक तुकडा घालून दिला होता. ती बरणी अजून आहे का? असली, आणि तू तिला अधूनमधून रस पाजत असशील, तर बोटभर साय पाठव. नोव्हेंबरात ते प्रदर्शन आहे, आपल्या भागातल्या घरगुती मालाचं, जुन्या गोदामाच्या आवारात भरतं ते. तिथे विकण्यापुरत्या बाटल्या तयार आहेत. पण प्रदर्शन संपलं की पुढच्या वर्षाचा रस लावायचा असतो, आणि तो लावायला हाताशी काही नाही.

तुझी आई ठणठणीत आहे. हल्ली फार अगत्य आलंय तिला, एका दुपारी मला तीन-तीनदा चहा विचारते. मी लिहितेय हे तिला माहीत नाही.

तुझी,
मावशी


२१ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

उत्तर नाही. बरं. तुझा राग लहानपणापासून असाच. रडारड नाही, आदळआपट नाही, नुसती कुलूप लावून गप्प. एकदा चपलेच्या रंगावरून आईशी दोन दिवस बोलली नव्हतीस. हे चपलेचं नाही, एवढं मलाही कळतं.

बाबांच्या आजारपणात तू फोन करायचीस आणि आई म्हणायची, "जरा सर्दी आहे, तू तुझं काम बघ." तुझी नोकरी नवी, रजा मिळायची नाही, पोरीला उगाच घोर नको, असं तिचं गणित. आणि मग एकदम तो फोन. तू पोचलीस तेव्हा बघायलाही काही उरलं नव्हतं. दारातच तू म्हणालीस, "तू मला परकं केलंस." मी तिची मैत्रीण आहे, पण पोरीचं बरोबर आहे हे मी तिला तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं. आठ दिवस माझ्याशी अबोला धरला होता तिनं. तुमच्या घरात अबोला वंशपरंपरेनं येतो.

असो. सध्या मी तुमच्याकडेच राहते. माझ्या घरी छताची गळती काढायचं काम चाललंय. शिलाई मशीन इकडेच आणलंय, तुझ्या खोलीत खिडकीपाशी ठेवलंय. बाटल्यांच्या तोंडावर बांधायला कापडाच्या टोप्या शिवतेय, उरल्यासुरल्या चिंध्यांच्या. तुझ्या जुन्या निळ्या फ्रॉकच्याही चार निघाल्या. विचारायला हवं होतं का? आता कापला.

तुझी आई समोर बसून लेबलं चिकटवते. काल अर्ध्या बाटल्यांवर उलटी चिकटवली. मी म्हटलं, "अगं, गिऱ्हाइकानं काय डोक्यावर उभं राहून वाचायचं?" आधी हसली. मग बाटली हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अशी कोणी गं चिकटवली?" मी म्हटलं, मीच. चष्मा बदलायला झालाय तिचा, दुसरं काही नाही.

स्वयंपाकाचं मी बघते. तिला शेगडीपाशी फार उभं राहवत नाही. ताटल्या मात्र तीच मांडते, तीन मांडते. जुनी सवय आहे, जाता जाईना. मी तिसरी हळूच उचलून ठेवते.

प्रदर्शनाची तयारी म्हणून रोज संध्याकाळी तिचं बोलणं घोकून घेते. तुला आठवत असेल, तिथला नियमच आहे, ज्यानं माल बनवला त्यानंच स्टॉलवर उभं राहायचं, दुसऱ्यानं फार तर पिशव्या उचलायच्या. मी त्या पिशव्या उचलणाऱ्यांतली. चमचा पुढे करून ती जे सांगते ते आता मलाही पाठ झालंय. "सफरचंदं आमच्या मागच्या झाडाची. पडलेली घेत नाही, तोडलेलीच घेते. रस काढायचा, फडकं बांधायचं आणि हात लावायचा नाही. घाई केली की नुसतं आंबट होतं, थांबलात तर चव येते." एवढं सांगून झालं की शेवटी एक बोलणं आहे. गेल्या दोनतीन वर्षांत तिनं ते जोडलंय. ते मी तुला लिहिणार नाही. ते तिचं आहे, ऐकायचं तर तिच्याच तोंडून ऐक.

सायीचं तेवढं बघ.

मावशी


१९ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड आलं आणि माझ्या जिवात जीव आला. पोस्टमननं खालूनच हाक मारली, मी मशीनवरून उठले ती पायात एकच चप्पल घालून.

दोन ओळी लिहायला तुला दीड महिना लागला, पण लिहिल्यास. "बरणी जिवंत आहे. साय तू धुतलीस हे मला पटत नाही. आई बरी आहे ना? खरं सांग."

बरणी जिवंत आहे हे वाचून मी काय केलं माहितीये? पिठाच्या डब्यावर बसले आणि रडले. वयाचा परिणाम, दुसरं काय.

साय मीच धुतली. तुला पटो न पटो. म्हातारपणी माणसं वाटेल ते करतात, आणि मी तुझ्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे हे विसरू नकोस.

आई बरी आहे. अगदी ठणठणीत. जिना धडाधड उतरते, जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित. झाडाची सफरचंदं काढायला यंदाही स्वतः शिडीवर चढायला निघाली होती, मीच हाताला धरून खाली बसवली. हवापाणी मानवतंय. गुडघेसुद्धा माझ्यापेक्षा बरे आहेत तिचे. तुला खरं हवं होतं ना, हे घे.

तुला बोलवत नाही. मला तशी मनाई आहे. पण प्रदर्शन पंधरा-सोळा नोव्हेंबरला आहे, शनिवार-रविवार, गेटमधून आत आल्यावर डावीकडचा कोपरा, ही काही लपवायची गोष्ट नाही. रस्त्यावर पोस्टर लागलंय.

बरणी पोस्टानं पाठवलीस तर आडवी होणार नाही असं बांध. झाकण घट्ट लावू नकोस, तिला श्वास लागतो. बाबा सांगायचे ते आठवत असेलच.

मावशी


१७ नोव्हेंबर

भिंगरी,

तू आली होतीस. बरणी मिळाली.

आधी काल काय झालं ते सांगते. मग मी तुझ्याशी काय खोटं बोलले ते सांगते. सगळं वाचून झाल्यावर हे पत्र फाडायचं तर फाड.

प्रदर्शनाचा दुसरा दिवस. आमचा स्टॉल नेहमीच्या जागी, एका बाजूला साबणवाली, दुसऱ्या बाजूला मधवाला. तुझी आई सकाळपासून छान होती. केस विंचरून, ते करड्या रंगाचं जाकीट घालून, टेबलावरचं फडकं चारदा सरळ करून उभी. दुपारी आयोजक बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. आदल्या दिवशी तुझ्या आईनं एका गिऱ्हाइकाला तीच गोष्ट पाठोपाठ तीनदा सांगितली होती. त्या माणसानं तक्रार केली नाही, फक्त बाईंना विचारलं की त्या आजींबरोबर कोणी आहे ना. बाई भल्या आहेत. म्हणाल्या, पुढच्या वर्षी त्यांना नियमात बसवणं अवघड आहे. माझं डोकं फिरलं. तोंडाचा पट्टा सोडला मी. तुमच्या नियमात काय बसतं न् काय नाही, इथपर्यंत गेले. मी तिथे भांडत होते तेवढ्यात तू येऊन गेलीस.

परत आले तर साबणवाली हात पुसत पुढे आली. तिनं सांगितलं ते असं. एक तिशीतली बाई आली, केस मुलासारखे बारीक कापलेले, पाठीवर बॅग. मधवाल्याच्या पलीकडे थांबून बराच वेळ बघत होती. मग पुढे आली. तुझ्या आईनं चमचा भरला आणि म्हणाली, "या ताई, चव बघा. चव बघायचे पैसे पडत नाहीत." तू चमचा घेतलास. तिनं विचारलं, "लांबून आलात का तुम्ही?" मग तिनं नेहमीचं सुरू केलं, सफरचंदं आमच्या मागच्या झाडाची. तू मधेच चमचा खाली ठेवलास, साबणवालीच्या टेबलावर बरणी ठेवलीस, "शेजारी मावशी असतात त्यांना द्या" म्हणालीस आणि गेलीस. तुझ्या आईनं मात्र शेवटपर्यंत सांगितलं. समोर कोणी नव्हतं, तरी सांगितलं.

मी गेटपर्यंत पळाले. तिथून बसस्टॉपपर्यंत. बारीक केसांची बॅगवाली प्रत्येक बाई थांबवून तोंड बघितलं, लोकांना वाटलं असेल, म्हातारीचं काही तरी चोरीला गेलंय. तू नव्हतीस.

परत येऊन तुझ्या आईला विचारलं, "आत्ता कोण आलं होतं?"

"गिऱ्हाईक," ती म्हणाली. "चांगली होती बिचारी. डोळ्यांना धार लागली तिच्या. झणका लागला असेल नाकाला."

तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. आईनं ओळख असून ओळख दाखवली नाही, चार वर्षांचा वचपा काढला, लोकांसमोर तुम्ही-आम्ही करून दारातून परत पाठवलं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच समजून चालती झाले असते. म्हणून आता नीट ऐक. तिनं तुला ओळखलं नाही. मनात राग धरून नाही. तिला ओळखताच आलं नाही.

साय मी धुतली नव्हती, तिनं धुतली. ऑगस्ट अखेरची गोष्ट. मी गेले तेव्हा बाह्या वर करून बरण्या घासत होती, अगदी खुशीत. मला म्हणाली, "बघ गं, कसली घाण धरली होती यांना. कोणाच्या आहेत कोण जाणे." ज्या बाईनं इतकी वर्षं त्या सायीला हात लावायच्या आधी दोनदा हात धुतले, ती असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं तिलाच उमगलं. रिकाम्या बरण्यांसमोर स्टुलावर बसली आणि तळहात बघत राहिली. मग जी रडली, तशी तुझे बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती.

डॉक्टरांकडे नेलं. आजाराचं नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच की ती विसरत जाणार आणि ते थांबवायचं औषध नाही. माझ्या छताला काही झालेलं नाही. शेगडी दोनदा पेटवून विसरली, पातेलं जळून कोळसा झालं, म्हणून मी तिकडे राहते. तिसरी ताटली बाबांची असते. ते कामावरून यायचे आहेत असं तिला वाटतं.

डॉक्टरांकडून येताना तिनं बसमध्ये माझा हात धरला. त्या दिवशी ती अगदी जागेवर होती. म्हणाली, "भिंगरीला कळवायचं नाही. कळवलंस तर ती कीव येऊन येईल. मला तशी नको. तिला यायचंच तर भांडायला येऊ दे माझ्याशी." मी शब्द दिला. आणि तू विचारलंस तेव्हा ठणठणीत म्हणून पानभर लिहिलं. लिहिताना मला दिसत होतं की 'जरा सर्दी आहे' यात आणि माझ्या 'ठणठणीत' यात काडीचा फरक नाही. मैत्रिणीला दिलेला शब्द आणि तू, यांत मी शब्द धरला. काल तो शब्द पाळल्यामुळेच तू एवढ्या लांबून येऊन चमचा ठेवून गेलीस. तो मी आज मोडला. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. आणि कळून उद्या ती विसरली तर ते मला जास्त लागेल.

अजून एक सांगायचं राहिलं. ते लिहायला हात धजत नाही, पण आता तुझ्यापासून काही चोरून ठेवायचं नाही असं ठरवलंय.

बरणी तू बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळली होतीस. मी ती सोडवत होते, तर तुझ्या आईनं मफलर माझ्या हातातून ओढून घेतला. नाकाशी धरला. मग बरणीचं झाकण काढलं, वास घेतला, आणि तिचा चेहरा एकदम असा उजळला की मला धडकीच भरली. म्हणाली, "ही आपली साय. कोणी आणली?"

मी म्हटलं, "तुझ्या लेकीनं."

"भिंगरी आली होती? इथे?" इकडेतिकडे बघितलं तिनं. मग म्हणाली, "मग मला का नाही भेटली?"

मी म्हटलं, गर्दी होती गं. दुसरं काय सांगणार होते मी तिला?

ती खुर्चीत बसली, मफलर मांडीवर घेऊन, आणि समोरून जाणाऱ्या मुलींकडे बघत राहिली. लांब केसांच्या मुलींकडेच. तिच्या डोक्यात तुझी वेणी अजून कमरेपर्यंत आहे. प्रदर्शन बंद होईपर्यंत तिनं एकाही गिऱ्हाइकाला चमचा दिला नाही. मग नियम मोडून मी दिला. साबणवाली तोंड फिरवून उभी राहिली, बघितलं न बघितलंसं करून.

बाटल्या आवरताना तिनं मला विचारलं, "आपण कोणाची वाट बघतोय?"

मावशी


९ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. पान भरून लिहिलेलं सगळं खोडलंयस, आणि खाली एवढीच ओळ ठेवलीयस, "मी आले तर ती मला ओळखेल का?"

खोडलेलं मी उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला नाही. केला, पण लागलं नाही.

तर उत्तर देते, आणि या वेळी ठणठणीत काही नाही. बहुतेक ओळखणार नाही. चांगले दिवस अजून येतात, डॉक्टर म्हणतात ते हळूहळू कमी होत जातील. आलीस आणि नेमका चांगला दिवस सापडला तर तुझं नशीब. त्याच्या भरवशावर मात्र येऊ नकोस. बॅग खाली ठेवून गळ्यात पडलीस आणि ती बावरून मागे सरकली, तर ते तुला जन्मभर सोसावं लागेल. म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

साय लागली. पहिले दहा-बारा दिवस काहीच दिसेना, मी रोज फडक्याखाली डोकावायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. मग एका सकाळी वर पातळ पापुद्रा. तुझ्या आईला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. खूष झाली. म्हणाली, "छान धरलीये. कोणी लावली?" मी म्हटलं, तुझ्या लेकीच्या बरणीतली आहे. "हो का?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, आणि पुन्हा तितकीच खूष झाली. रोज विचारते. रोज सांगते मी. एकाच बातमीनं माणूस रोज नव्यानं सुखावतं, हे बघायला बरं वाटतं, आणि मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते.

एक बाटली ती विकू देत नाही. तुझ्या निळ्या फ्रॉकची टोपी बांधलेली. परवा शेजारच्या बाई मागायला आल्या तर डब्यांच्या कपाटामागे लपवली. "ती त्या ताईंची आहे," म्हणते. "डोळ्यांत पाणी आलं होतं ना त्यांच्या, त्या. त्यांची चव बघायची राहिली." तू आपली लेक म्हणून तिच्या ध्यानात नाहीस, पण त्या दिवशी आलेली तू तिच्या ध्यानात आहेस. काल सकाळी तिला माझं नाव आठवलं नाही. तुझं रडणं मात्र राहिलंय.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. संध्याकाळी मी अजून तिच्याकडून ते बोलणं म्हणून घेते. प्रदर्शनासाठी नाही, त्या आयोजक बाई काही पुढच्या वर्षी तिला घेणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नाही. उगाच आपलं, तेवढाच वेळ ती तिची ती असते म्हणून. पण गेल्या आठवड्यात 'पडलेली घेत नाही, तोडलेलीच घेते' हे गळलं. मी आठवण करून दिली तरी तशीच पुढच्या वाक्यावर गेली. परवा 'घाई केली की नुसतं आंबट होतं' हेही गेलं. शेवटचं अजून आहे. कसं कोण जाणे, मधलं सगळं सांडतं आणि ती तिथे नेमकी पोचते. पण किती दिवस, मला सांगता येत नाही. म्हणून मी ते तुला लिहिणार नाही असं म्हटलं होतं, तो माझा दुसरा शब्दही आज मोडते. तू पोचायच्या आत ते गेलं तर निदान कागदावर तरी राहावं.

सगळं सांगून झालं की ती गिऱ्हाइकाला म्हणते, "ह्याच सायीचा एक तुकडा माझ्या मुलीकडे आहे. लांब असते ती. माझ्यावर रागावलीये, आणि तिचं बरोबर आहे, मी तिला कळवायला हवं होतं. पण तो तुकडा तिनं मरू दिला नसणार. माझी मुलगी आहे ती."

दोनतीन वर्षं ती हे अनोळखी माणसांना सांगतेय. त्या दिवशी साबणवालीनं ऐकलं, मधवाल्यानं ऐकलं. तू तेवढी निघून गेली होतीस.

ये, भिंगरी. जी रजा मिळेल ती काढून ये. घरी आलीस की मी दार उघडीन. 'आई' म्हणून हाक मारू नकोस, व्हिनेगर घ्यायला आलेय म्हण. ती तुला मागच्या खोलीत नेईल, निळ्या टोपीची बाटली काढील, "या ताई," म्हणेल. मला माहितीये ते ऐकवणार नाही. ऐक. चमचा पुढे करील तो घे, आणि तिचं बोलणं सुरू झालं की कितीही अडखळली तरी मधे बोलू नकोस.

ती शेवटाला येईपर्यंत चमचा खाली ठेवू नकोस.

मावशी